संकटात बाहेरून आलेली माणसं : इर्जिक की सावड?

(जुईनगर इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती कमी केली आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



मागच्या वेळी आपण कर्तव्य या कल्पनेवर बोललो होतो. ते झाल्यावर आपल्या एका नेहमीच्या श्रोत्यांनी मला निरोप पाठवला. त्यांचा मुलगा कॅनडात टोरांटोला असतो. त्याने वडिलांना तिथली एक जुनी गोष्ट सांगितली. जानेवारी १९९९ मध्ये टोरांटोत एकामागून एक हिमवादळं आली आणि शहर ठप्प झालं. तेव्हाचे महापौर मेल लास्टमन यांनी बर्फ उपसायला चक्क लष्कर बोलावलं. प्रिन्स एडवर्ड आयलंड हा कॅनडातला सगळ्यात छोटा प्रांत, तिथूनही माणसं मदतीला आली. उरलेल्या कॅनडाने टोरांटोची जी टिंगल केली, ती म्हणे आजतागायत चालू आहे. तर आपल्या श्रोत्यांचा प्रश्न असा होता : 'सर, एवढं श्रीमंत शहर. बर्फ तर दर वर्षी पडतो. मग यांना बाहेरची माणसं लागतातच कशाला?'

प्रश्न मला आवडला. जुईनगरला काही बर्फ पडत नाही. आपल्याकडे जे पडतं ते पाणी. पण प्रश्न तोच आहे. शहर संकटात सापडतं तेव्हा बाहेरून माणसं का लागतात? आणि ती आली की ती असतात कुणाची? आज मला या दुसऱ्या प्रश्नावर जास्त बोलायचं आहे, कारण पहिल्याचं उत्तर त्या मानाने सोपं आहे.

ते आधी देऊन टाकतो. आपल्या घरात रोज चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो. लग्नाच्या दिवशी पाचशे पानं उठतात. म्हणून कुणी बारा महिने घरात आचारी ठेवत नाही. त्या दिवसापुरता बोलावतो. शहराचंही तसंच. सगळ्यात वाईट दिवसाला पुरतील इतकी माणसं वर्षभर पगारावर ठेवणं कुठल्याच पालिकेला परवडत नाही. न्यूयॉर्कसारखं शहरसुद्धा मोठा बर्फ पडला की रोजंदारीवर माणसं घेतं. नावं आधी नोंदवायची, बोलावणं आलं की फावडं हातात घ्यायचं. बसथांबे, रस्ता ओलांडायच्या जागा, आगीच्या बंबांसाठीचे पाण्याचे नळ, हे मोकळे करायचे. तासावर पैसे, आणि आठवड्यात चाळीस तासांच्या वर काम झालं की दीडपट.

पण याला दुसरं एक कारण आहे, ते चटकन लक्षात येत नाही. संकटाच्या दिवशी शहराची स्वतःची माणसंच संकटात असतात.

२६ जुलै २००५ आठवतो ना? सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मी तेव्हा मुंबईत शिकवत होतो. ती रात्र मी वर्गातल्या बाकावर काढली. आता विचार करा. त्या रात्री पाणी उपसायला, रस्त्यावर उभं राहायला, दवाखान्यात जायला जी माणसं हवी होती, त्यातली कितीतरी माझ्यासारखीच कुठेतरी अडकून पडलेली होती. लष्कर आणि नौदल यांना बोलवावं लागलं ते काही शौक म्हणून नव्हे.

जुलै २०२१ मध्ये चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हा तिथल्या एसटी आगाराचे व्यवस्थापक आगाराची सुमारे नऊ लाखांची रोकड सांभाळत बसच्या टपावर तासन्‌तास बसून होते. ही बातमी तुम्ही वाचली असेल. आपण त्यांचं कौतुक केलं, ते योग्यच. पण व्यवस्थेच्या दृष्टीने बघा. ज्या माणसाने गाड्या सोडायच्या, तोच टपावर अडकलेला आहे. नगरपालिकेच्या सफाई कामगाराच्या घरात कंबरभर गाळ आहे. त्याने आधी स्वतःचं घर धुवायचं की गाव? म्हणून कोरड्या गावाची माणसं ओल्या गावात न्यावी लागतात. दुसरा मार्ग नसतो.

आता बाहेरून येणाऱ्या माणसांचे ढोबळमानाने चार प्रकार करू.

पहिला प्रकार म्हणजे केंद्राचं दल, एनडीआरएफ. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातून ते उभं राहिलं. यातली माणसं सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ अशा दलांतून प्रतिनियुक्तीवर येतात. महाराष्ट्रातली पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे. अलीकडे पावसाळ्याच्या तोंडावरच कोल्हापूर, सांगली, चिपळूण, महाड अशा ठिकाणी त्यांच्या तुकड्या आणून ठेवतात. हा मोठा सुधार आहे. पूर आल्यावर निघालेली तुकडी पुरामुळेच अडकते, हे आपण ठेच खाऊन शिकलो.

दुसरा प्रकार, एका पालिकेची माणसं दुसऱ्या गावात. २०२१ मध्ये महाड-चिपळूणला ठाणे, नवी मुंबई या पालिकांची पथकं गेली होती. पूर ओसरल्यावरचं काम म्हणजे गाळ. तो दोन दिवसांत निघाला नाही तर रोगराई. त्यासाठी सफाई कामगार, टँकर, फवारणीची यंत्रं, डॉक्टर, औषधं असं सगळं लागतं.

तिसरा प्रकार कंत्राटदाराची माणसं आणि चौथा स्वयंसेवक. गिर्यारोहक, नावाडी, तरुण मंडळांची पोरं.

कधी कधी हे राज्याराज्यांमध्येही होतं. मे २०२० मध्ये कोरोनाच्या ऐन भरात महाराष्ट्राने केरळकडे पन्नास डॉक्टर आणि शंभर परिचारिका मागितल्या, आणि तिथलं पथक मुंबईत येऊन कामाला लागलंही. देशाची आर्थिक राजधानी एका छोट्या राज्याकडे हात पसरते, यात कमीपणा काही नाही. टोरांटोची टिंगल करणारे चुकले ते इथेच. मदत मागणं ही नामुष्की आहे असं एकदा ठरलं, की पुढचा अधिकारी मागायला उशीर करतो, आणि त्या उशिराची किंमत भलतीच माणसं मोजतात.

आता आजच्या मूळ प्रश्नाकडे. ही बाहेरून आलेली माणसं कुणाची?

एक अनुभव सांगतो. आपल्या या परिसरातल्या एका पालिकेचे एक सफाई कामगार माझ्या ओळखीचे आहेत. पालिका कुठली ते सोडून देऊ. ते एका पुरानंतर कोकणात गाळ काढायला गेले होते. आठ दिवसांनी परत आले. मी त्यांना चहाला बोलावलं. पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झालेल्या, चालताना त्रास होत होता. मी म्हटलं, 'गमबूट नव्हते का हो?' म्हणाले, 'होते ना सर. सगळे एकाच मापाचे.' मग हसत म्हणाले, 'तिथं आम्हाला नाव नव्हतं. सगळे पथक म्हणायचे. पथकाला चहा द्या, पथकाला तिकडच्या गल्लीत पाठवा.'

चहा द्यायचे, जेवण द्यायचे, एका आजींनी तर पायाला लावायला खोबरेल तेल दिलं, हेही त्यांनी सांगितलं. तक्रार तिथल्या लोकांबद्दल नव्हतीच. तक्रार पुढे होती. ते कंत्राटावर काम करतात. त्यांचं मस्टर इथे, मुकादम इथे. गेले आठ दिवस तिकडे. महिनाअखेर बघतात तर आठ दिवसांची गैरहजेरी! तोंडी हुकूम कुणी दिला होता, कुणाला आठवेना. पुढे रदबदली करून पैसे मिळाले. पण ते मला म्हणाले, 'सर, आठ दिवस मी कुठंच नव्हतो.'

मी पस्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. 'असणं' म्हणजे काय यावर पुष्कळ बोललो. पण हे वाक्य ऐकून मी गप्प झालो. एका गावाच्या हिशेबात तो माणूस पथक होता, दुसऱ्या गावाच्या हिशेबात गैरहजर. गाळ मात्र निघाला होता.

हे झालं आठ दिवसांच्या मजुरीचं. याहून मोठी किंमत द्यावी लागते तेव्हा काय, हे आपल्याला इर्शाळवाडीने दाखवलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पोटाशी असलेल्या ठाकरवाडीवर दरड कोसळली. वर जायला गाडीरस्ता नाही, डोंगर चढून जायचं. पाऊस आणि धुकं, त्यामुळे हेलिकॉप्टर उडेना. जेसीबी वर नेता येईना. म्हणजे उरलं काय? माणसाचे हात, फावडं आणि घमेलं. एनडीआरएफ आली, ठाण्याचं आपत्ती दल आलं, परिसरातले गिर्यारोहक आले. सत्तावीस मृतदेह मिळाले. सत्तावन्न माणसं बेपत्ता राहिली आणि २३ जुलैला शोध थांबवला.

त्या रात्री मदतीला निघालेल्यांमध्ये नवी मुंबईच्या अग्निशमन दलातले एक अधिकारी होते. वय पन्नाशी ओलांडलेलं. अंधारात, पावसात तो चढ चढताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. वाडी त्यांच्या हद्दीत नव्हती. तालुका वेगळा, यंत्रणा वेगळी. ते बाहेरचे होते. पण त्या डोंगरावर जीव गेला तो त्यांचा.

मी त्या प्रसंगात कुणाला दोष देत नाहीये. मला त्यातून एक प्रश्न उचलायचा आहे. असा माणूस निघतो, तेव्हा त्याच्या मागे काय लिहून ठेवलेलं असतं? त्याचं वय, त्याची तब्येत, कुठल्या कामाला तो योग्य, तिथे तो कुणाचं ऐकणार, आणि त्याचं काही बरंवाईट झालं तर त्याच्या घराचं कोण बघणार? हे आधी ठरलेलं असेल तर त्याच्या जाण्यामागे दोन शहरं उभी असतात. नसेल, तर तो एकटाच निघालेला असतो.

इथे आपल्याच शेतीतल्या दोन जुन्या शब्दांची मदत घेऊ. इर्जिक आणि सावड. तुमच्यापैकी जे गावाकडून आले आहेत त्यांना माहीत असतील. इर्जिक म्हणजे, एखाद्या शेतकऱ्याची नांगरट किंवा कापणी अडली, की गावातले लोक आपापले बैल, आपापली अवजारं घेऊन जमतात, एका दिवसात काम उरकतात आणि संध्याकाळी तो सगळ्यांना जेवू घालतो. हिशेब नाही. सावड म्हणजे आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या रानात. माझा एक माणूस आला, तर तुझाही एक माणूस येणार. कुणाचे किती दिवस झाले हे दोघांनाही तोंडपाठ.

वरवर पाहता इर्जिक उदात्त वाटते आणि सावड व्यवहारी. पण इर्जिक चालते कुठे? जिथे सगळे एकमेकांना ओळखतात तिथे. कुणाचा बैल दुखावला, कुणाच्या पायाला कोयता लागला, हे गावाला कळतं आणि गाव ते लक्षात ठेवतं. हिशेब लिहिलेला नसतो, कारण तो सगळ्यांच्या डोक्यात असतो. दोन शहरांमध्ये असं डोकं नसतं. शहराची स्मृती म्हणजे कागद. म्हणून शहरांमधली मदत इर्जिकीच्या भावनेने झाली तरी तिची बांधणी सावडीसारखीच हवी. आज आपण बोलतो इर्जिकीची भाषा, 'माणुसकीचा झरा', 'मदतीचा ओघ' वगैरे, आणि लिहीत काहीच नाही. त्यात आठ दिवसांची मजुरी हरवते.

कुणी म्हणेल, सर, तुम्ही माणुसकीला पावतीपुस्तक लावताय. नाही हो. केरळचं उदाहरण बघा. ऑगस्ट २०१८ च्या महापुरात तिथले कोळी बांधव आपल्या होड्या ट्रकवर चढवून समुद्रापासून आत आले आणि त्यांनी असंख्य माणसं वाचवली. सरकारने त्यांना दिवसाला तीन हजार रुपये जाहीर केले. त्यावर त्यांच्यातल्या एका तरुणाने मुख्यमंत्र्यांना सांगितलं, की आमच्याच भावांना वाचवण्याचे पैसे आम्हाला नकोत. पण मोडलेल्या होड्या दुरुस्त करून देणार म्हणालात, त्याचा आनंद आहे.

किती बारीक विवेक आहे बघा यात! जीव वाचवण्याचं मोल त्याने नाकारलं. पण मदत करताना माझं जे मोडलं ते भरून द्या, हे त्याने नाकारलं नाही, कारण होडी मोडली तर उद्या घरात चूल पेटत नाही. मोबदला वेगळा आणि नुकसानभरपाई वेगळी. मोबदला नाकारण्याचा अधिकार मदत करणाऱ्याचा आहे. भरपाई देण्याची जबाबदारी मदत घेणाऱ्याची आहे. तो मागतो की नाही, यावर ती अवलंबून नाही.

मागच्या वेळी आपण कांटबद्दल बोललो होतो, त्याला पुन्हा बोलावतो. १७८५ च्या आपल्या ग्रंथात तो कर्तव्यांचे दोन भाग करतो. दिलेलं वचन पाळणं हे पूर्ण कर्तव्य, तिथे सूट नाही. इतरांना मदत करणं हे अपूर्ण कर्तव्य. अपूर्ण म्हणजे कमी दर्जाचं नव्हे. कुणाला, केव्हा, किती मदत करायची, यात करणाऱ्याला मोकळीक आहे, एवढाच त्याचा अर्थ. आता अडचण अशी, की बुडणाऱ्या शहराला मोकळीक परवडत नाही. शेजारच्या शहराची मर्जी, तिथल्या अधिकाऱ्याचा स्वभाव, त्या दिवशी फोन लागला की नाही, यावर जीव टांगलेले राहतात. याला उपाय एकच. कोरड्या दिवसात वचन देऊन ठेवायचं. करार झाला, की मदतीचं अपूर्ण कर्तव्य वचनपूर्तीचं पूर्ण कर्तव्य होतं. आणि ते दोन्ही बाजूंना लागू होतं. पाठवणाऱ्याने पाठवलंच पाहिजे, बोलावणाऱ्याने सांभाळलंच पाहिजे.

हे कागदावर कसं दिसतं, त्याचा एक नमुना अमेरिकेत आहे. तिथल्या पन्नासही राज्यांनी एकमेकांशी आपत्कालीन मदतीचा एक करार केलेला आहे. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर त्याची सुरुवात झाली आणि १९९६ मध्ये तिथल्या संसदेने त्याला मान्यता दिली. चक्रीवादळ असो की हिमवादळ, करार तोच. त्यातल्या चार गोष्टी साध्या आहेत. एक, आलेलं पथक आपल्याच प्रमुखाच्या हाताखाली राहतं, पण काय काम करायचं ते बोलावणारं राज्य सांगतं. दोन, माणसाचा परवाना, म्हणजे डॉक्टर, परिचारिका, अभियंता वगैरे, दुसऱ्या राज्यात ग्राह्य धरला जातो. तीन, बोलावणाऱ्याने खर्च भरून द्यायचा; पाठवणाऱ्याला वाटलं तर त्याने तो सोडून द्यावा. आणि चार, कुणी जखमी झाला किंवा दगावला, तर पाठवणाऱ्या राज्याने त्याला किंवा त्याच्या कुटुंबाला भरपाई द्यायची, जणू तो आपल्याच राज्यात काम करताना जखमी झाला. हे चौथं कलम मला फार महत्त्वाचं वाटतं. तू कुठेही गेलास तरी आमचाच आहेस, हे त्यात कायद्याच्या भाषेत म्हटलेलं आहे.

आपल्याकडे २००५ च्या कायद्यात कलम ६५ आहे. त्याखाली संकटात गाड्या, जागा, साधनं ताब्यात घेता येतात, आणि त्यांचा मोबदला कसा ठरवायचा ते कलम ६६ मध्ये आहे. ट्रकचं भाडं कसं ठरेल, याचा विचार कायद्याने केला आहे. ट्रकमधून उतरणाऱ्या माणसाबद्दल प्रत्येक पालिकेने तितकंच नेमकं लिहून ठेवावं, एवढीच माझी मागणी आहे.

मग आपण काय करायचं? आपण काही महापौर नाही. पण प्रभागात सभा होते, नगरसेवक दारात येतात, निवेदन देता येतं. तिथे चार प्रश्न विचारा. आपली पालिका कुणाला मदत पाठवणार आणि कुणाकडून घेणार, हे पावसाळ्याआधी ठरलं आहे का? जाणाऱ्याची हजेरी कोण लावणार? कंत्राटी कामगार गेला तर त्याचा विमा आणि उपचार कुणाकडे? आणि तिथे त्याला वाट दाखवायला स्थानिक माणूस कोण? हा शेवटचा प्रश्न हलका समजू नका. बाहेरच्याकडे ताकद असते, पण कुठल्या बोळात पाणी आधी भरतं, कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेली आजी आहे, हे त्याला ठाऊक नसतं. बाहेरचे हात आणि आतली माहिती यांची गाठ घालून द्यावी लागते.

आणि एक अगदी छोटं काम. आपल्याकडे कधी बाहेरचं पथक आलं, तर त्यातल्या माणसांना नाव विचारा.

थांबतो. दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, संकटात माणसं मरत असताना करार, मस्टर बघत बसलो तर उशीर नाही का होणार?

उत्तर : होईल, जर ते संकटात बघत बसलो तर. म्हणून तर ते आधी करायचं. लग्नाच्या दिवशी आचाऱ्याशी भाव ठरवत नाही आपण. कागद तयार असला तर अधिकारी फोन उचलून एका मिनिटात माणसं मागू शकतो. कागद नसलेला अधिकारी बिचारा विचार करत बसतो, की उद्या लेखापरीक्षणात मला कोण विचारेल. उशीर तिथे होतो.

प्रश्न : स्वयंसेवकांचं काय? त्यांना कुणी पाठवलेलंच नसतं.

उत्तर : चांगला प्रश्न. स्वयंसेवक स्वतःच्या मर्जीने येतो, त्यामुळे त्याला पाठवणारं शहर नाही. मग त्याची जबाबदारी बोलावणाऱ्याची, आणि त्याला कामाला लावलं त्या क्षणापासून. इर्शाळवाडीसारख्या ठिकाणी गिर्यारोहकांना वाट माहीत होती, म्हणून त्यांचा मोठा उपयोग झाला. अशांची नोंद शांततेच्या काळात तालुक्याला करून ठेवावी. नाव, रक्तगट, येत असलेलं काम, घरच्यांचा नंबर. कागद एवढासाच. पण तो असला की उद्या कुणी, 'मी कुठंच नव्हतो,' असं म्हणणार नाही.